सॅलरी स्लिप नाही, म्हणून घर नाही?





वार्तापत्राच्या या पानावर मी सहसा परीक्षा, निकाल, स्नेहसंमेलन किंवा मराठी वाचनाविषयी लिहिते. या वेळी विषय भाड्याच्या घराचा आहे. शाळेच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण शाळेत येणारे प्रत्येक मूल कुठल्यातरी घरातून येते, आणि ते घर हलले की पहिला धक्का मुलाच्या अभ्यासाला बसतो, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो.

गेल्या काही वर्षांत शाळेच्या कार्यालयात एक तक्रार वारंवार कानावर येते. नोकरी सोडून, किंवा नोकरी सुटल्यामुळे, ज्यांनी स्वतःचे काम सुरू केले आहे असे पालक कुटुंबासाठी भाड्याचे घर शोधत असतात. घर पसंत पडते, भाडे ठरते, मकानमालकांकडे चहासुद्धा होतो. मग प्रश्न येतो, "नोकरी कुठे?" उत्तर मिळते, "नोकरी नाही, आता स्वतःचे काम सुरू केले आहे." त्यावर मकानमालक म्हणतात, "बरं, घरात विचारून कळवतो." आणि फोन येत नाही. दोन-चार ठिकाणी असे झाले की ते कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कोणी काही विचारत नाही अशा ठिकाणी घर घेते. मग सत्राच्या मधेच दाखला मागण्याचा अर्ज आमच्या टेबलावर येतो. "घर लांब पडते, बसचे भाडे परवडत नाही", एवढेच कारण त्यात लिहिलेले असते.

या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. भाडेकरूची पारख करण्याचा मकानमालकाला पूर्ण हक्क आहे, परंतु ती पारख "नोकरी आहे का?" या एका प्रश्नावर होऊ नये. "हिशोब आहे का?" असे विचारावे. आणि ज्यांनी नवे काम सुरू केले आहे त्यांनी हा हिशोब दाखवण्याची तयारी ठेवावी. दोन्ही बाजूंनी एवढे झाले तर आपल्या मोहल्ल्यांतली पुष्कळ घरे आणि पुष्कळ मुलांच्या शाळा वाचतील.

जुनी म्हण आणि नवी सवय

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी समाजाने मात्र ती उलटी करून टाकली. होळकर दरबारातील कारकुनी, पुढे शाळा, कचेऱ्या, बँका, वीज मंडळ, रेल्वे अशा नोकऱ्यांवर आपली घरे उभी राहिली. त्यात वाईट काही नाही. त्या नोकऱ्यांमुळेच शाळा, वाचनालये, गणेशोत्सव मंडळे चालली. परंतु पगार म्हणजे प्रतिष्ठा आणि धंदा म्हणजे धोका, असे गणित आपल्या मनात पक्के बसले. लग्न जुळवताना आपण ते लावतो आणि घर भाड्याने देतानाही लावतो.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिथे निबंधात "स्वरोजगार" हा शब्द मोठ्या मानाने लिहायला शिकवीत. स्वतःच्या पायावर उभे राहणारा तरुण देशाचा आधार आहे, असा निबंधाचा शेवट असे. त्याच तरुणाने घर मागितले की मात्र आपण त्याच्याकडे सॅलरी स्लिप मागतो.

अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला २०२५ साली ३०० वर्षे झाली. आपण सर्वांनी कार्यक्रम केले, मुलांनी भाषणे केली. त्या भाषणांत एक गोष्ट हमखास असे, ती म्हणजे महेश्वरच्या विणकरांची. देवींनी बाहेरगावचे विणकर बोलावून महेश्वरी वसवले. विणकराला महिन्याचा पगार नव्हता, पण हाताला कसब होते आणि राहायला जागा मिळाली. महेश्वरी साडी आज आपल्या घराघरांत आहे. कारागिराला काम करण्यासाठी आधी छप्पर लागते, ही समज त्यामागे होती, असे मला वाटते.

सॅलरी स्लिप काय सांगते?

सॅलरी स्लिप गेल्या महिन्यात किती पगार झाला ते सांगते. पुढच्या महिन्यात तो होईल की नाही, हे सांगत नाही. इंदूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. तिथले कामगार कायम नोकरीवाले होते, दरमहा पगार घेणारे होते. त्यांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी देण्यात आला, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळानंतर. २०२० च्या टाळेबंदीतही खासगी नोकरीतल्या अनेकांचे पगार थांबले किंवा अर्धे झाले, हे तर ताजे आहे.

दुसरीकडे, २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार देशात काम करणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के लोक स्वयंरोजगारावर आहेत. त्यात शेतकरी आणि घरच्या धंद्यात मदत करणारेही धरलेले आहेत, तरी एवढ्या मोठ्या वर्गाला आपण "बेभरवशाचे" म्हणू शकत नाही.

शाळेचा फी-रजिस्टर माझ्यासमोर बहुतेक रोज असतो. त्यातून मला दिसते ते सांगते. नोकरदार पालकांची फी साधारण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते. स्वतःचे काम करणाऱ्यांची फी कधी उशिरा येते, कधी दोन तिमाह्यांची एकदम येते, दिवाळीनंतर किंवा लग्नसराईनंतर येते. पण येते. पैसा कधी येतो, त्याचा फरक कामाच्या स्वरूपामुळे पडतो. पैसा द्यायचा की नाही, हा फरक माणसाच्या स्वभावामुळे पडतो, आणि तो नोकरदार-धंदेवाईक असा विभागलेला मला कधी दिसला नाही.

मकानमालकांची बाजू

मकानमालकांची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. आपल्या समाजातले कितीतरी निवृत्त लोक वरच्या मजल्याच्या भाड्यावर औषधपाणी चालवतात. त्यांच्यासाठी दोन महिन्यांचे भाडे थकणे ही मोठी गोष्ट आहे. घर खाली करून घेण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्याच्या कहाण्या त्यांनी ऐकलेल्या असतात. शिवाय घरात दुकान उघडले तर काय, विजेचे मीटर, मालमत्ता कर, येणारी-जाणारी माणसे, हे प्रश्नही रास्त आहेत.

पण या भीतीवर "नोकरी" हे औषध नाही. लेखी करार, ठरलेली अनामत, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती, बँकेतून भाडे आणि दर महिन्याची पावती हे औषध आहे. भाडेकरू नोकरदार असला तरीही एवढे केलेच पाहिजे.

नव्याने काम सुरू करणाऱ्याची अडचण

आता दुसरी बाजू पाहू. ज्याने जूनमध्ये स्वतःचे काम सुरू केले, त्याचे आर्थिक वर्ष पुढच्या मार्चला संपते. त्याचे पहिले आयकर विवरणपत्र त्यानंतर भरले जाते. म्हणजे जवळजवळ वर्षभर त्याच्याकडे कमाईचा सरकारी कागदच नसतो. गृहकर्जासाठी बँका त्याच्याकडे साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात, त्यामुळे स्वतःचे घर घेणे लांबच राहते. भाड्याचे घर हा एकच रस्ता उरतो, आणि नेमका तोच आपण बंद करतो.

घर बदलण्याचा खर्चही एकदम येतो. भाडे १०,००० रुपये धरा. दोन महिन्यांची अनामत २०,०००, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे १०,०००, दलाल असेल तर त्याची दलाली, टेम्पो, हमाली, पंखे-दिवे बसवणे. नव्या घरात पहिली रात्र झोपण्याआधी सुमारे ४०,००० रुपये गेलेले असतात. तेवढ्याच पैशांत शिलाईचे चांगले यंत्र किंवा कामापुरता संगणक आला असता.

एक उदाहरण सोडवू या

आठवीच्या विद्यार्थ्यांना सोडवता येईल असे हे उदाहरण आहे. पालकांनीही मुलांबरोबर बसून सोडवावे.

एका कुटुंबाची सहा महिन्यांची कमाई हजारांत अशी आहे: ७०, २०, ४५, १५, ६०, ३०. एकूण २ लाख ४० हजार, म्हणजे सरासरी महिना ४० हजार. मकानमालकाने चौथा महिना पाहिला तर तो म्हणेल, "१५ हजारांत हे काय भाडे देणार?" कुटुंबाने पहिला महिना पाहिला तर ते म्हणेल, "७० हजार येतात, १८ हजारांचा फ्लॅट घेऊ." दोघांचेही चुकेल.

भाडे सोडून घरखर्च २६ हजार आणि भाडे १० हजार धरले तर महिन्याला ३६ हजार लागतात. पहिल्या महिन्याचे उरलेले पैसे जपून ठेवले तर सहा महिन्यांत एकदाही उसनवारी करावी लागत नाही, उलट शेवटी २४ हजार शिल्लक राहतात. पण हीच कमाई १५ आणि २० हजारांच्या महिन्यांनी सुरू झाली असती तर? दोन महिन्यांत ३७ हजारांची तूट आली असती. म्हणून घर घेण्याआधी एवढी रक्कम वेगळी ठेवलेली असावी. वरचे ४० हजार आणि हे ३७ हजार मिळून जवळजवळ ८० हजार होतात. तेवढे हाताशी असतील तर १० हजारांचे घर घ्यावे. नसतील तर लहान घर पाहावे, किंवा आहे तिथे आणखी काही महिने काढावेत. भाडे चांगल्या महिन्याकडे पाहून ठरवू नये.

काय तयारी ठेवावी

माझ्या या पालकांना काही व्यावहारिक सूचना आहेत.

पहिली म्हणजे, खरे सांगा. नोकरी सोडलेली असताना जुनी सॅलरी स्लिप दाखवून घर घेणारे लोक असतात. ते कधीतरी उघडे पडते, आणि त्यानंतर पुढच्या दहा खऱ्या माणसांना तो मोहल्ला बंद होतो. मुले हे सर्व ऐकत असतात.

दुसरी, धंद्याचे खाते वेगळे ठेवा आणि येणारा पैसा बँकेतून येऊ द्या. सहा महिन्यांचे खाते-पुस्तक हीच तुमची सॅलरी स्लिप आहे. बिले क्रमाने लावून ठेवा. लहान उद्योगासाठी उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, ती आधारवर होते आणि तिला शुल्क नाही. त्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा.

तिसरी, जुन्या मकानमालकाकडून दोन ओळींचे पत्र घ्या, की भाडे वेळेवर येत होते. शाळेच्या फीच्या पावत्या फाडून टाकू नका. त्याही तुमच्या नियमितपणाचा पुरावा आहेत.

चौथी, पत्नीची किंवा पतीची नोकरी असेल तर करारात दोघांची नावे घाला. तसे नसेल तर दोन-तीन महिन्यांचे भाडे आगाऊ देण्याची तयारी दाखवा आणि त्याची पावती घ्या.

पाचवी, घरातून काम करणार असाल तर ते आधीच बोला. संगणकावरचे काम वेगळे, शिकवणी वेगळी आणि पिठाची गिरणी वेगळी. जीएसटी नोंदणीसाठी घराचा पत्ता द्यायचा असेल तर मकानमालकांचे संमतिपत्र लागते. अनेकांना वाटते की असे पत्र दिले की घरावर हक्क सांगितला जाईल. तसे होत नाही. ते धंद्याचा पत्ता दाखवणारे पत्र आहे, मालकीचा कागद नव्हे. हे समजावून सांगा, रुसून बसू नका.

कायदा काय म्हणतो

११ महिन्यांचा करार आपण सर्व जण करतो, पण ११ च का, हे थोड्यांना ठाऊक असते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो. ती नोंदणी आणि खर्च टाळण्यासाठी ११ महिने लिहितात. शाळेच्या दृष्टीने यात एक अडचण आहे. करार ऑक्टोबरमध्ये झाला तर तो सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन सत्रात, संपतो. शक्य असेल तर करार असा करावा की मुदत उन्हाळ्याच्या सुट्टीत संपेल. नूतनीकरणाची अट आणि भाडेवाढीची टक्केवारीही त्यातच लिहून घ्यावी.

२ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी, करार लेखी असावा, आणि घरमालकाने घरात येण्याआधी २४ तासांची सूचना द्यावी, असे म्हटले आहे. हा नमुना आहे. राज्यांनी स्वीकारला तरच तो त्या राज्यात लागू होतो. परंतु दोन भल्या माणसांना आपसात ठरवण्यासाठी हा नमुना आजही उपयोगी आहे. "स्वतःचे काम आहे ना, मग सहा महिन्यांची अनामत द्या" असे म्हणताना आपण नव्या धंद्याचे भांडवलच काढून घेत आहोत, हे ध्यानात असावे.

विश्वस्तांना आणि समाजाला विनंती

आपल्या विश्वस्तांपैकी आणि माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांत घरे आहेत, वरचे मजले आहेत. काही मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशात गेल्यामुळे बंद पडलेली आहेत. माझी विनंती अशी की शाळेच्या सूचनाफलकावर आणि या वार्तापत्रात "भाड्याने देणे आहे" असा एक लहान स्तंभ असावा. घर दाखवणे, पारखणे, करार करणे हे दोन्ही पक्षांनीच करावे. शाळा कोणाची जामीन राहू शकत नाही आणि राहूही नये. पण मूल आपल्या शाळेत किती वर्षे आहे, याचे प्रमाणपत्र शाळा देऊ शकते. पाच-सहा वर्षे एकाच शाळेत टिकलेले कुटुंब पळून जाणारे नसते, एवढे मकानमालकाला त्यावरून समजेल.

ज्यांना भीती वाटते त्यांनी नकार देण्याऐवजी पहिले सहा महिने पारखून पाहावेत. करारात तशी अट लिहिता येते. चांगले कुटुंब हातचे घालवून, चार महिने घर रिकामे ठेवून, शेवटी कोणाला तरी देण्यापेक्षा हा सौदा मकानमालकाच्याही फायद्याचा आहे.

विद्यार्थ्यांना

प्रवेश-अर्जात "पालकांचा व्यवसाय" असा एक रकाना असतो. ज्यांच्या वडिलांनी किंवा आईने नोकरी सोडून घरून काम सुरू केले आहे, अशी काही मुले त्या रकान्यात "घरीच असतात" असे लिहितात. कोणी तर तो रिकामाच सोडते. मुलांनो, असे करू नका. वडील वीजकाम करतात, आई डबे पुरवते, काका संकेतस्थळे बनवतात, असे स्वच्छ अक्षरात लिहा. आणि वर्गातला एखादा मित्र घर बदलून लांब राहायला गेला तर "का गेलास?" असे चारचौघांत विचारू नका. त्याला वही द्या, सुटलेला अभ्यास सांगा.

मोठेपणी तुमच्यापैकी पुष्कळ जण स्वतःचे काम करतील. काही जण मकानमालक होतील. त्या वेळी तुमच्या दारात एखादे कुटुंब उभे असेल, सोबत शाळेच्या गणवेशातले मूल असेल. त्यांचे खाते-पुस्तक उघडून पाहा, सरासरी काढा आणि मगच उत्तर द्या. सरासरी काढायला शाळेने तुम्हाला शिकवलेले आहे.

आपली,
मुख्याध्यापिका